लाल जबड्यांसाठी दिवा

दिव्यांच्या दुकानात माझ्यापुढे सासू-सून दोघी उभ्या होत्या. सासूबाईंनी काचेची पेटी पोटाशी धरली होती. आत किडे खाणारं रोपटं होतं.

"माझ्या घरी याचे जबडे लालभडक होते. तुमच्याकडे येऊन महिना झाला नाही, तर पार फिकं पडलं."

"आई, आपल्याकडे म्हणा. खिडकीत ऊन येत नाही, म्हणून तर दिवा घेतोय."

"पिवळा बल्ब द्या हो, जरा ऊब मिळेल."

"उकडून मरेल ते, आजी," दुकानदार म्हणाला. "ही पांढरी एलईडी पट्टी वीतभर वर लावा. रोज बारा तास."

"बारा तास? कुठे ठेवायचं मग?"

"स्वयंपाकघरात ठेवू, आई. माश्याही तिथेच असतात."

"हे तूच म्हणालीस हं, मी इतके दिवस गप्प होते."

"ते कळत होतं मला."

"बरं, टिकेल किती ही पट्टी?"

"तीन वर्षांची गॅरंटी आहे, आजी."

"तीन वर्षं? मी तर पुढच्या महिन्यात बहिणीकडे राहायला जायचं म्हणत होते."

"मग छोटी घ्यायची का, आई?"

"नको, मोठीच घे. याच्या शेजारी आणखी एक रोपटं लावीन म्हणते."