फॉर्मॅट मारलं नाही

जरीपटक्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात टेबलावर पाच मशीन उघडून ठेवलेल्या होत्या आणि बाकावर आम्ही तिघे होतो. माझ्या शेजारच्या कांताबाईंचा नंबर लागला. त्यांनी आपला सीपीयू दुरुस्ती करणाऱ्या वैभवपुढे ठेवला.

“काय झालं, काकू?”

“नवीन सिस्टिम टाकली अन् दुसरी हार्ड डिस्क दिसूनच नाही राहिली. मामंजीनं कागदावर काढलेल्या लुगड्याच्या काठांचे फोटो आहेत त्यात, दोनशे चौदा. कागद तर वाळवीनं खाल्ले.”

“कोणी हात लावला?”

“भाचा फोनवर म्हणे, फॉर्मॅट मार, दिसून जाईल.”

“मारलं?”

“काहून मारीन गा? मागावर धागा हरवला तर आम्ही माग थांबवतो, कात्री नाही घेत.”

“मग बसा आरामात. मशीन प्रत्येक डिस्कले सी, डी असं एक अक्षर देते. हिचं अपग्रेडमध्ये निघून गेलं होतं. हे पाहा, दिलं.”

“एवढंच? अन् मले धड जेवण नव्हतं जाऊन राहिलं.”

“हा पहिला फोटो.”

“मोठा कर गा. करवतकाठी, हे करवतीचे दाते पाहा. माझ्या लग्नासाठी काढला होता त्याईनं.”

“हुशार होते मामंजी.”

“हुशार, पण या डिस्कसारखेच. मनात आलं का गायब. लय उपकार झाले बाबू तुझे.”

“माझे कायचे? फॉर्मॅट मारून सारं पुसून आल्या असत्या, तर मीच हात जोडले असते. थांबा, आणखी एका डिस्कवर कॉपी करून देतो.”

कॉपी संपली. दोन्ही डिस्कवर प्रत्येकी दोनशे चौदा फोटो होते.