पावडरीचा वास

आमचं गाव कुरुंदवाडच्या अलीकडं, पंचगंगेच्या काठाला. गावाचं नाव कशाला लिवताय, पावणं, काठावरची समदी गावं सारखीच हायत, कुठलंबी लिवा, खपून जाईल. मी दिनकर, पर त्या नावानं हाक मारणारं आता गावात कोण ऱ्हायलं न्हाय, समदी पाणीवालं आप्पाच म्हणत्यात. ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामाला हाय मी, बावीस वर्सं झाली. नदीवरची मोटर चालू करायची, पाणी टाकीत चढवायचं, टाकीत जंतू मारायची ब्लिचिंग पावडर घालायची आणि मग चावी घिऊन गल्लीगल्लीनं व्हॉल्व फिरवत जायाचं, एवढंच काम. ऐकायला सोपं हाय. पर गावात दोघांचं भांडण झालं तर ते एकमेकाला शिव्या देत्यात, आणि पाणी आलं न्हाय तर दोघं मिळून मला देत्यात.

माझा बा दुसऱ्याच्या मळ्यात गड्याची कामं करायचा, आम्ही चार भावंडं, आणि आई रोज यरवाळी, उजाडायच्या आत, नदीवर जाऊन दोन घागरी आणायची, तेच पाणी प्यायाचं, गाळायला लुगड्याचा पदर, बाकी काय न्हाय. मी तर म्हसरं धुवायला गेलो की ओंजळीनंच प्यायाचो. आम्ही पोरं पितळंचा तांब्या पाण्यात टाकायचो आणि बुडी मारून वर काढायचो, पुरुषभर पाण्यात त्यो तांब्या तळाला चमकताना दिसायचा, खोटं न्हाय सांगत. मार बी खाल्लाय त्या तांब्यापायी आईचा. आता तुम्ही नदीत हात घाला आणि मनगटाच्या खाली हात दिसतोय का बघा.

काय सांगू तुम्हास्नी, नदी एका दिवसात न्हाय नासली. वरच्या अंगाला शहरं वाढली, त्यांची गटारं आली, कारखान्यांचं पाणी आलं, आणि आमच्या शेतातली खतं-औषधं बी आलीच की, आम्ही काय लई सोवळं न्हाय. पाणी आधी हिरवं झालं, मग जलपर्णीनं झाकून गेलं, उन्हाळ्यात तर काळंशार. पोरांच्या अंगाला खाज, बायकांची पोटदुखी, शाळंत बघावं तर निम्मी पोरं घरात झोपल्याली. मोर्चे निघाले, मी बी गेलतो एकदा मेलेलं मासं पाटीत घिऊन. सायब लोक आले, बाटल्यांत पाणी भरून घिऊन गेले. त्या बाटल्यांचं पुढं काय झालं कुणी सांगितलं न्हाय.

गावात फिल्टर बांधलाय, उद्घाटनाचा दगड बी हाय, पर त्याची वाळू बदलायची ऱ्हायली ती ऱ्हायलीच. म्हंजे बघा, नदीचं पाणी आणि गावाचं तोंड ह्यांच्या मधी एकच गोष्ट हुती, ती माझी पावडर. बादलीत पावडर कालवायची, चुन्याचा गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत ओतायची. मग एका नळीत पाणी घिऊन त्यात औषधाचं थेंब टाकायचं, पिवळं झालं की पाणी प्यायला बरं. मला कुणी शिकवाय लागलं न्हाय, हाताला अंदाज बसलाता. पर गावाला त्या पावडरीचा राग. आप्पा, चहाला दवाखान्याचा वास येतोय, आप्पा, भात पिवळा पडलाय, आप्पा, आमास्नी मारतोयास का काय. आणि जत्रा आली की बघायलाच नगो. भैरोबाची जत्रा चैतात, घरटी दहा-वीस पावणं, मटणाचा पांढरा रस्सा. त्या रश्श्याला पावडरीचा वास आला म्हंजे गावाचं नाकच कापलं. म्हणून जत्रंत दोन दिस पावडर कमी घालायची, ही रीतच पडलीती. माझ्या आधीचा माणूस बी तेच करायचा. कागदावर न्हाय हां, कागदावर पुरी पावडर आणि खाली माझी सही.

माझी थोरली लेक स्वाती, पन्हाळ्याच्या अंगाला दिलीया, डोंगरातलं गाव, झऱ्याचं पाणी, काय तोंडात गोड लागतंय म्हणून सांगू. सोयरीक झाली तवा मला त्या पाण्याचाच लई आनंद झालता, माझ्या पोरीला सुखाचं पाणी मिळालं म्हणून मी चार जणांना सांगत हिंडलोतो. सहा वर्सांमागं, त्या सालच्या जत्रंच्या आठ दिस आधी ती बाळंतपणाला म्हणून आली, पहिलटकरीण, सातवा संपत आलाता. माझी मालकीण, शांता, तिचं पाय तर जमिनीवर न्हवतं. आणि स्वातीला झऱ्याच्या पाण्याची सवय, तिला काय आमचं पाणी गिळंना. घोट घेतला की उमासा. एक दिवस पाणी सोडून जेवायला बसलोतो, ती माठाजवळ उभी ऱ्हाऊन म्हणाली, आप्पा, वाईच कमी घाला की पावडर, लई वास येतोय, पोटात टिकत न्हाय. तिनं एवढंच म्हटलं. लेक पोटुशी, माहेराला आल्याली, आणि बापाजवळ मागितलं काय तर घोटभर पाणी. मी म्हटलं, बरं बाय.

जत्रंच्या आदल्या दिवशी सकाळी मोटर चालू करायला नदीवर गेलो, तर काठाला मासं. मेलेलं, पांढरी पोटं वर करून, लांबपर्यंत. वरच्या बंधाऱ्याचं बरगे काढलंतं, म्हंजे पाणी अडवायच्या फळ्या काढल्या की आडलेलं समदं काळं पाणी एकदम खाली येतंय, आणि पाण्यातला जीव गुदमरून मरतोय. असं झालं की दोन दिस मोटर बंद ठेवायची, न्हायतर पावडर दुप्पट घालायची, हे मला ठाऊक हुतं. ठाऊक न्हवतं असं म्हणायला तोंड न्हाय मला. पर गावात पावणं उतरलेलं, बायकांनी पिंपं धुवून ठेवलेली. दोनदा बटणापाशी हात नेला आणि मागं घेतला. मग म्हटलं, एवढ्या वर्सांत काय झालं न्हाय, आता काय व्हतंय. मोटर चालू केली. आणि टाकीवर गेल्यावर दुप्पट सोडा, मी निम्मीच घातली. अर्धी बादली तशीच ठेवली. खाली उतरताना मला स्वातीच दिसत हुती, बरं वाटंल पोरीला, एवढंच डोक्यात.

जत्रा झाक झाली. पावणं म्हणालं, औंदा पाणी चांगलं हाय गा तुमचं. स्वाती त्या दोन दिसांत तांब्या तांब्या पाणी प्याली, मी आपल्या डोळ्यानं बघितलंय.

महिना गेला आणि गावात कावीळ सुरू झाली. आधी मधल्या गल्लीत दोन पोरं, मग मास्तरांची सून, मग घरटी एक. आणि एका सकाळी शांता मला हाक मारून म्हणाली, पोरीचं डोळं बघा हो. हाळदीवाणी डोळं. आमच्याकडं कावीळ झाली की आधी झाडपाल्याचं औषध, तशी रीत. मी बी नेलं तिला एका औषधवाल्याकडं, चार दिस त्यात गेलं. पाचव्या दिवशी ती काय बाय बरळाय लागली, मला वळखंना, मग जीप करून कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात. डाक्टरीणबाई तरणी हुती, माझ्यावर डाफरली, म्हणाली, पाण्यातनं होणारी कावीळ हाय ही, पोटुशी बाईला लई वाईट असती, कुठलं पाणी पीत हुती ही. मी म्हटलं, गावाचं. तिनं इचारलं, तुम्ही काय करता. शेती, म्हणालो.

मूल गेलं. मुलगा हुता. पोरगी वाचली, अकरा दिस धुंदीत हुती पर वाचली. जावई सरळ माणूस, एका शब्दानं मला बोलला न्हाय, बोलला असता तर बरं झालं असतं. त्या मुलाला मी ह्या हातांवर घेतलाय, पावणं. त्याच हातांनी पावडर घालतो, चावी फिरवतो.

मी दवाखान्यात असतानाच गावात आरोग्य खात्याची माणसं येणार म्हणून निरोप आला. मी रातोरात परत आलो, आणि ती पोचायच्या आधी टाकीत दोन बादल्या निवळी ओतली. त्यांनी नळीत थेंब टाकलं, पिवळंधमक. पावडरीची वही बघितली, रोजच्या सह्या. त्यांनी मला इचारलं, पावडर रोज घालता न्हवं. मी म्हटलं, व्हय सायब. मग गावानंच ठरवलं की जत्रंत आलेल्या बर्फाच्या गोळेवाल्यामुळं झालं. गरीब माणूस, कबनूरचा, यंत्रमागावरचं काम सुटलेलं म्हणून गाडा लावायचा. त्याला पुढच्या वर्सी वेशीतनंच परत पाठवला. मी चावी हातात घिऊन तिथं उभा हुतो.

तवापासनं मी पावडर एक चिमूट बी कमी केली न्हाय, जत्रा असू दे न्हायतर मंत्री येऊ दे. सरपंच बदललं, शिव्या बदलल्या न्हाईत, मला आता पावडर आप्पा बी म्हणत्यात. म्हणू द्यात. ज्याला परवडतंय त्यो मशीनचं पाणी कॅननं आणतोय, बाकी गाव माझंच पाणी पितंय. नदी काय सुधारली न्हाय, मासं वर्सातनं एकदा तरी मरतंयच, तवा मी मोटर बंद ठेवतो आणि दार लावून घरात बसतो, लोक दारावर थापा मारत्यात. गावातल्या पोरांच्या सोयरिकी बी आडत्यात आता. मुलीकडचं लोक शेती कमी इचारत्यात, पाणी जास्त इचारत्यात. त्यांचं काय चुकतंय.

आणि स्वाती. तिला देवानं पुन्हा दिलं, चार वर्सांची नात हाय मला, लई द्वाड. स्वाती माहेरी येती, न्हाय असं न्हाय, पर येताना सासरच्या झऱ्याचं पाणी दोन कॅन भरून आणती. एसटीतनं, मांडीवर पोर आणि पायापाशी कॅन. लेक माहेराला आली की आपण तिच्या पदरात काय बाय घालायचं, आणि माझी लेक माहेराला पाणी घिऊन येती. मी पाणीवाला. शेजारच्या बायका बघत्यात, बोलत कोण न्हाय. तिनं बी कधी त्यातलं एक अक्षर काढलं न्हाय, आणि मला वाटायचं, तापाच्या धुंदीत ती समदं इसरली, माठाजवळ काय म्हणाली ते बी इसरली. म्हटलं, बरंच झालं.

तर गेल्या आठवड्यात आलती. दुपारची मी टाकीवरनं घरी आलो, तर ही माठापाशी उभी, आणि हातात तांब्या, माठातला. मी ओरडलोच, ते पिऊ नगोस, म्हणून. तोवर ती घोट घिऊन बसलीती. मला म्हणाली, आप्पा, वास येतोय. मग म्हणाली, येऊ दे. वास येऊ दे. तवा मीच म्हटलंतं न्हवं तुम्हास्नी, कमी घाला म्हणून. मीच मागितलं, म्हणून माझं लेकरू गेलं.

पावणं, सहा वर्सं माझी पोरगी हे उराशी धरून बसलीती. दोन कॅन उचलून यायची ते माझ्या पाण्याच्या भ्यानं न्हवं, सोताच्या जिभंच्या भ्यानं, पुन्हा कमी घाला म्हणून बसंल म्हणून, आणि मी इकडं गप, तिला काय आठवत न्हाय म्हणून खूश. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो आणि समदं सांगितलं. मासं बघितलंतं हे सांगितलं. दुप्पट घालायची ठाऊक असून निम्मी घातली, वहीवर खोटी सही केली, सायबाला खोटं बोललो, त्या गोळेवाल्याला वाटंला लावलं. म्हटलं, बाय, तू पोटुशी हुतीस, तुला पाणी नगो वाटलं, तुझं काय चुकलं. चूक माझी हाय. जल्मभर माझीच हाय.

तिनं तांब्या माठावर ठेवला. आत गेली, शांताजवळ बसली, सांच्याला भाकऱ्या थापल्या. सकाळी निघाली तवा नेहमीसारखी पाया पडली न्हाय, पोरीला काखंत मारलं आणि चालाय लागली. मी म्हटलं, आता ही पुन्हा येत न्हाय. स्टँडवर गेलो मागनं, एसटी सुटताना खिडकीतनं म्हणाली, आप्पा, एक कॅन फोडलाच न्हाय मी, तुमच्यासाठी ठेवलाय, आईला सांगितलंय. आणि त्या गोळेवाल्याला हुडका. एवढंच म्हणाली, गाडी गेली.

कबनूरला दोनदा जाऊन आलो, अजून गावला न्हाय, गावंल. त्याचा हात धरून गावात आणणार हाय, येत्या जत्रंला, भैरोबाच्या देवळापुढं समद्यांना सांगणार हाय. मग गावानं मला कामावर ठेवावं न्हायतर काढावं. तुम्ही लिवलंय तेवढं तसंच ऱ्हाऊ द्या, खोडू नगा.

आता ऊन लई झालंय, पाणी पिऊन जावा. शांते, पावण्यांना त्या कॅनातलं आण गं, झऱ्याचं. घ्या की, लाजू नगा, लांब जायाचंय तुम्हास्नी, घरात लेकरंबाळं असतील, सुखात ऱ्हाऊ देत. न्हाय, मला नगो त्यातलं. पोरीनं ठेवलंय खरं, रोज त्या कॅनाला हात लावून बघतो, पर घशाखाली उतरत न्हाय. मला माठातलंच दे, शांते. गावाला पाजतो तेच मी पिणार.