पुलावरचा पिंपळ

हसू नका, पण आमचा पूल खिळखिळा करण्यात माझाही हात होता. गोदावरीवरच्या त्या जुन्या पुलाच्या कठड्यात पिंपळ उगवला होता. दर शनिवारी भाजीची पाटी घेऊन नाशिकच्या गाडीला जाताना मी त्याला तांब्याभर पाणी घालायची.

एकदा पूल तपासायला इंजिनिअर बाई आल्या. म्हणाल्या, "आजी, याची मुळं दगड फोडतायत. तुम्ही पुण्य जोडताय, अन् इकडं पूल सुटतोय!"

मी तांब्या खालीच ठेवला. नातीच्या शाळेची गाडी त्याच पुलावरून जाते ना!

पण पिंपळाला कोयता लावायला एकही मजूर धजेना. बाई अगदी रडकुंडीला आल्या. मी म्हणलं, "कापता कशाला? पोरीसारखा उजवू. चांगलं घर बघून सासरी धाडू."

मग मजुरांनी तो मुळासकट जपून काढला, शाळेच्या आवारात लावला आणि पुलाच्या फटी बुजवल्या.

परवा बाई पुन्हा आल्या. हातोडीनं पूल ठोकून बघितला आणि म्हणाल्या, "आजी, ठणठणीत हाय तुमचा पूल. पण पाखरं पिंपळाचं बी फटीत टाकणारच, लक्ष ठेवा."

म्हणलं, "लय उशिरा सांगितलं बाई. या कठड्यातल्या आणखी तीन पोरी उजवून झाल्या माझ्या!"