साडेपाचशे वॉटचा डबा

मी मूळची सांगोल्याकडची, मेंढरंवाल्याची लेक. शाळा चौथीपातूर, बाकीची शाळा बापाची, आणि त्या शाळेत एकच शिकवणं, जनावर उचलायचं आणि वजन सांगायचं. काटा न्हाय, काय न्हाय. दोन्ही हात पोटाखाली, एक हिसका, आणि बोल. चुकलं की पाठीत काठी. काय सांगू तुमास्नी, दहा वर्साची असताना मी भर बाजारात कोकराचं वजन अर्ध्या किलोच्या आत सांगायची, आणि बाप मिशीत हसायचा. पण बाप आणखी एक सांगायचा, म्हणायचा काही लबाड मेंढराला मीठ चारत्यात आणि वर पाणी पाजत्यात, वजन भराय, तर नुसतं उचलू नको, पोट दाबून बघ. असाच एक जण घावला, तर बापानं त्याला तितंच काठीनं झोडपला, कान फाटला त्याचा, रक्त धोतरावर आलं. मी बघत हुते. मला भ्या न्हाय वाटलं, बरं वाटलं. तसलाच राग माझ्यात उतरलाय.

लगीन होऊन सोलापुरात आले. आमचे हे कॉम्प्युटर दुरुस्तीवाले, सात रस्त्याला दुकान, दुकान कसलं, जिन्याखालची खोली. लई गरीब माणूस, मी वरडायची आणि हे ऐकायचे. एक डाव मी स्क्रू ड्रायव्हर फेकून हाणला, भुवईवर बसला, तीन टाके पडले, तर डॉक्टरला म्हणाले दार लागलं. माझ्यासाठी खोटं बोलायची सवय ह्यांना तवापासनंच.

ह्यांच्याशेजारी बसून बसून मी काम शिकले, आणि बापाची शाळा हितं कामाला आली. कॉम्प्युटरात एक पत्र्याचा डबा असतोय, पावर सप्लाय म्हणत्यात, सगळ्याला वीज तो वाटतोय. वर कागद चिकटवून वाटंल तेवढं वॉट लिवत्यात, पण आत माल कमी असला की डबा हलका लागतोय. मी नुसता हातात घ्यायची आणि सांगायची, ह्यो पाचशेचा न्हाय, अडीचशेचा बी न्हाय. दुसरे दुकानवाले मला बोलवून न्यायचे. बाईचा हात म्हणजे काटा, म्हणायचे. माज आला की मला, दुसरं काय.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक चादरीचा कारखाना, तितल्या कॉम्प्युटरवर चादरीची डिझाईनं करायची. त्यांनी त्यात पडद्यावर चित्रं दाखवायचं नवं मोठं कार्ड बसवलं, आणि जुना तीनशेचा डबा चार दिसात मेला. ह्यांनी कागदावर आकडे मांडले, कार्ड एवढं खातंय, बाकीचं एवढं, साडेपाचशेच्या खाली नको म्हणाले. आणाय मी गेले. व्यापाऱ्याकडं दोन डबे, दोन्हीवर साडेपाचशे लिवलेलं, एक हलका, एक जड. मी जड उचलून आणला. हे म्हणाले, शालन, नाव वळखीचं न्हाय, आधी उघडून बघू की. मी म्हणले, उघडला तर वॉरंटी जातीया, आणि माझ्या हातावर भरवसा न्हाय का तुमचा, एवढी वर्सं काय गवत उपटलं का मी. लई मोठ्यानं बोलले, समोरचा चहावाला थांबून बघाय लागला. ह्यांनी डबा उचलला आणि बसवाय घेऊन गेले. पोट दाबून बघ म्हणून बाप सांगायचा, ते त्या वक्ताला ध्यानातच आलं न्हाय बघा.

तिसऱ्या दिवशी सकाळी डबा फुटला. संगं बोर्ड गेला, डिस्क गेली. त्या डिस्कमधी कारखानदाराच्या मेलेल्या बापाची डिझाईनं हुती, सगळ्या आयुष्याची, आणि दुसरीकडं कुटं कॉपी न्हवती. ह्यांना फोन आला, हे गाडी काढून गेले. तासाभरानं तितल्या एका कामगार बाईचा मला फोन, तेलुगू बोलणारी बाई, रडत एवढंच म्हणली, अक्का, लवकर ये.

रिक्षानं गेले. हे गेटच्या आत भिंतीला टेकून बसलेले, तोंड फुटलेलं, शर्ट रक्तानं अंगाला चिकटलेला, आणि उजवा हात मांडीवर ठेवलेला, तो मला वळखूच येईना. मागाचा धोटा असतोय की, लाकडाचा, दोन्ही टोकाला लोखंड, त्यानं ठेचलं हुतं. दोघांनी टेबलावर हात दाबून धरला आणि कारखानदारानं एकेक बोट घेतलं. इचारत हुता, डबा कुणी निवडला, खरं बोल. हे म्हणाले, मी. परत हाणलं, परत इचारलं, परत मी. त्या बाईनं दारातनं बघितलं सगळं. तीन बोटं मोडली, आणि तिन्ही डाव मी, मी, मीच म्हणाले.

पोलिसात बी जाऊ दिलं न्हाय. म्हणाले, त्याचा बाप दुसऱ्यांदा गेला, माझी बोटं गेली, मिटलं.

जळका डबा मी घरी आणून उघडला. आत तळहाताएवढा बोर्ड, आणि तळाला सिमेंटचा तुकडा चिकटवलेला, वजन भराय. मी तितंच फरशीवर बसले, वरवंटा घेतला आणि माझ्याच हातावर दोन डाव हाणला. मग उठले, तो तुकडा घेतला, भर दुपारी व्यापाऱ्याच्या दुकानात शिरले आणि त्याच्या तोंडावर घातला. दोन दात पडले. खाली पडला तर छातीवर बसून हाणला, लोकं केस धरून वढत हुती तरी हाणला. तो रगात थुंकत म्हणला, ताई, मला बी वरच्या व्यापाऱ्याकडनं तसाच आला, मी काय उघडून बघितला न्हाय. तितं माझा हात थांबला. मी तरी काय केलं हुतं दुसरं?

घरी येऊन ह्यांना म्हणले, उद्या मी कारखान्यावर जाते, निवड माझी हुती म्हणून सांगते. ह्यांनी डाव्या हातानं माझा सुजलेला हात आमच्या शाळकरी पोरीच्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, माझा हात तर गेला, आता दुकान तुझ्या हातावर. तो चुकतोय म्हणून कळलं तर कोण येईल आपल्याकडं? माझं नाव खराब झालं तर होऊ दे, ह्याच्यापुढं एक शब्द बोलायचा न्हाय.

चार वर्सं झाली. गिऱ्हाईक ह्यांच्या तोंडावर म्हणतंय, बाईनं निवडला असता तर एवढं वाटोळं झालं नसतं. दीर दिवाळीला ताटावर बसून म्हणतोय, दादाला साधा डबा निवडता आला न्हाय. हे हसत्यात. मी आत जाऊन भिंतीवर डोकं आपटून घेते, पोरीची शपथ हाय म्हणून.

आता येईल तो डबा मी आधी उघडते, वॉरंटी गेली तरी. हे शेजारी स्टुलावर बसून डाव्या हातानं बॅटरी धरत्यात, आत काय बघायचं ते सांगत्यात. माफी मागाय गेले की म्हणत्यात, स्क्रू सांभाळ, हरवशील.

तुमी लिवून घेताय म्हणून आज तोंड उघडलं. पोरगी मोठी झाली, तिला सांगितलं, ती म्हणली आई, माझं काय होत न्हाय, तू बोल. गिऱ्हाईक तुटायचं तर तुटू दे. तुमच्या लेकराबाळांचं बरं होवो, पण माझं नाव गाळू नका, हाय तसं ठेवा, शालन. लिवा, तिच्या हातानं डबा निवडला. हे म्हणाले हुते, उघडून बघू.