कोणावरही अवलंबून नाही

मी मूळची ब्राह्मणपुरीची, शहादा तालुक्यातली. आमचं घर शेतकऱ्याचं, केळी, कापूस, ऊस, खाऊनपिऊन सुखी, पण शिकलेलं घरात कोणी नाही, वडलांना सहीपुरतं यायचं आणि आईला तेवढंही नाही, आणि मी बी.ए. झाले, आमच्या भाऊबंदकीत सगळ्यांत आधी, मुलग्यांच्याही आधी, हे मी मुद्दाम सांगते दादा, लिहून घ्या. एस.टी.नं शहाद्याला जायचे, गावातून मी एकटीच मुलगी, आणि पारावर बसलेले लोक वडलांना म्हणायचे, अंडेरले, म्हणजे लेकीला, इतलं शिकाडीसन काय करशी रे भाऊ, शेवट भाकरच करी ना ती. वडील म्हणायचे, करी ना भाकर, पन सोतानी कमाईनी करी. वडील फार बोलणारे नव्हते. हे एवढं बोलले आणि मी तेवढंच धरून बसले जन्मभर.

लग्न होऊन नंदुरबारला आले. आमचे हे मारवाडी शेठजींच्या कापडाच्या दुकानात होते, शांत माणूस, कापड फाडताना सुद्धा आवाज करायचे नाहीत. आमचा मुलगा नितीन शाळेत असतानाच ते गेले, दुकानातच छातीत कळ आली आणि गेले. भाऊ ब्राह्मणपुरीहून गाडी घेऊन आला, म्हणाला, बहीन, घर शे तुन्हं, चाल. चांगला भाऊ आहे माझा, मनापासून म्हणाला, पण मी नाही गेले. मी मिरचीच्या पथारीवर कामाला लागले. पथारी म्हणजे काय सांगू तुम्हाला, ओली लाल मिरची मोकळ्या रानात वाळत घालतात, नजर जाईल तिथं लाल, आणि बायका बसून देठ खुडतात. मी शिकलेली म्हणून व्यापाऱ्यानं मला बायकांच्या हजेरीला आणि वजनाला घेतलं. नवीन बाई आली की शिंकून शिंकून रडायची, जुन्या बायका हसायच्या, सासू मरनी का वं तुन्ही, इतली रडी ऱ्हायनी. आता माझे डोळे गेले तर लोक म्हणतात मिरचीनं गेले. तसं नाही हो. डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, तो कोणालाही होतो. मिरचीवर मी आळ घेऊ देत नाही, मिरचीनं मला घर बांधून दिलं, दोन खोल्या, वर स्लॅब, माझ्या नावावर.

नितीनला सुरतेला शिकवलं, मग तो वापीला कंपनीत लागला, आणि तिथं त्याला जिग्ना भेटली. जिग्ना दमणची, गुजराती. दमणला पूर्वी पोर्तुगीजांचं राज्य होतं ना, तिचे आजोबा त्या राज्यात जन्मलेले, तेवढ्यावरून तिला पोर्तुगालचं नागरिकत्व मिळालं. पोर्तुगाल तिनं नकाशात सुद्धा नीट पाहिलेलं नव्हतं. पण तो पासपोर्ट असला की तेव्हा इंग्लंडात जाऊन काम करता यायचं, युरोपातली माणसं म्हणून. गल्लीत ही बातमी गेली आणि लता, माझी शेजारीण, दारात उभी राहून मोठ्यानं, मंदाआक्का, सून पोर्तुगीज करनी म्हने, तिले भाकर तरी जमस का? मी म्हटलं, तिच्या हातची खांडवी खा आधी, मग बोल. खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुन्हा आली.

लग्न झालं आणि दोघं लेस्टरला गेली. मग इंग्लंड युरोपातून बाहेर पडायला निघालं. नितीननं मला फोनवर समजावून सांगितलं की आई, आता इथं राहणाऱ्या युरोपच्या माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी कायम राहण्याचा हक्क मागून घ्यायचा आहे, अर्ज करायचा, नाहीतर उद्या निघा म्हणतील. जिग्नाचा झाला, जिग्नाचा नवरा म्हणून नितीनचा झाला. मी म्हटलं, अरे, बायकोच्या नावावर राहतोस का तिथं? तो हसला, म्हणाला, हो, तुझ्या घरावर कोणाचं नाव आहे, माझं आहे का?

तेवढ्यात जिग्नाला दिवस गेले. बाळंतपणाला मी जायचं ठरलं, पाहुणी म्हणून, व्हिसा काढून. सुरतेचा एजंट म्हणाला, मावशी, जे आहे ते सगळं दाखवा, घर, ठेव, सोनं, भाऊ, नातेवाईक, तिकडच्या माणसाला वाटलं पाहिजे की ही बाई परत येणारच, हिचं सगळं इथंच आहे. मी म्हटलं, आहेच ना सगळं इथं. अर्जासोबतचं पत्र एजंट लिहून देणार होता, मी नाही दिलं लिहू, मी स्वतः लिहिलं, इंग्रजीत, माझ्या अक्षरात. की मी पदवीधर आहे, माझं स्वतःचं घर आहे, माझी स्वतःची बचत आहे, मी कोणावरही अवलंबून नाही, आणि मी ठरल्या दिवशी परत येईन. एजंटानं वाचलं आणि म्हणाला, मावशी, एक नंबर. व्हिसा आला.

लेस्टर म्हणजे काय, तुम्हाला सांगते, थंडी सोडली तर अर्धं सुरतच. भाजीवाला गुजराती, डॉक्टर गुजराती. मी नातीला, रियाला, तेल लावलं, शेक दिला, जिग्नाला डिंकाचे लाडू केले, एकदा वरण-बट्टी केली तर खालच्या मजल्यावरचे लोक वासानं वर आले. जिग्ना म्हणायची, मम्मी, रोकाई जाव ने. राहून जा ना. आणि एक दिवस नितीन लॅपटॉप घेऊन बसला, म्हणाला, आई, आत्ताच अर्ज करून टाकू, तू जिग्नाची सासू, म्हणजे त्यांच्या नियमात घरचीच. आत्ता सोपं आहे. आई-बाप मुलावर अवलंबून आहेत की नाही हे सध्या ते विचारत सुद्धा नाहीत, धरूनच चालतात, पुढं विचारतील. मी म्हटलं, मी परत जाईन असं लिहून दिलंय. तो म्हणाला, आई, नियमात बसतं, खोटं नाहीये. मी म्हटलं, आणि अवलंबून म्हणजे? मी कुठं आहे अवलंबून? तो म्हणाला, अगं, तो कागदावरचा शब्द आहे. मी म्हटलं, कागदावरच्या शब्दालाच तर किंमत असते. ठरल्या दिवशी विमानात बसले. चुकलं असं मला आजही वाटत नाही. तेव्हा मला दिसत होतं, हातपाय चालत होते, पथारीवर माझी जागा होती, मी का म्हणून तिथं लेकाच्या दारात बसू?

मग डोळ्यांचं सुरू झालं. आधी उजवा गेला. डावा असा झाला की नळीतून पाहिल्यासारखं, समोरचं दिसतं, बाजूचं नाही. पथारीवरचं काम सुटलं. स्टेशन रोडवर रिक्षानं उडवलं, हात मोडला, रिक्षावाला बिचारा स्वतःच दवाखान्यात घेऊन गेला, रडत होता. नितीन आला, माझा हात गळ्यात बांधलेला पाहिला, दुधाचं जळलेलं पातेलं पाहिलं, म्हणाला, बस झालं, आता चल. आणि या वेळेस मी हो म्हटलं, दादा. एका शब्दानं नाही अडवलं त्याला. मलाही जायचंच होतं. आंधळं व्हायच्या आधी रियाचं तोंड रोज पाहावं एवढंच होतं मनात.

पण आता नियम पुढं गेलेला. आता दाखवून द्यायचं होतं की माझं जेवणखाण, औषधपाणी, सगळं मुलाच्या पैशावर चालतं. तर ते चालत नव्हतं ना. नितीन पैसे पाठवायचा आणि मी परत करायचे, म्हणायचे, रियाच्या नावानं ठेव. उलट इथून मीच पाठवायचे, मिरचीपूड, बिबडे, पापड, कोणी सुरतेहून जाणारं असलं की त्याच्या हाती. तिकडचा वकील फोनवर आला, तोही गुजराती, मला म्हणाला, मासी, आपको खिलाता कौन है? मी म्हटलं, मी स्वतः. पलीकडून नितीन ओरडला, आई! वकील हसला, म्हणाला, मासी, ऐसे नहीं चलेगा. मग नितीन महिन्याच्या महिन्याला पाठवू लागला आणि मी ते खर्च करू लागले. पोटच्या पोराचे पैसे, पण दुकानात देताना हात जड व्हायचा.

वकिलानं सांगितलं, गावातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाचं पत्र हवं. आमच्या वॉर्डाचे आप्पा, पूर्वी नगरसेवक होते, त्यांना लतानं बोलावून आणलं. चहा झाला. मी म्हटलं, आप्पा, असं लिहा की हिला दिसत नाही, हिचं बघणारं इथं कोणी नाही, ही मुलाच्या आधारावर आहे. आप्पांनी कप खाली ठेवला. म्हणाले, आक्का, असं मी लिखू? तुन्हाबद्दल? उद्या तुन्हा भाऊले समजनं तं तो काय म्हनी, बहीनले वाऱ्यावर सोडं? आणि लता तर उसळलीच, कोनी नही म्हंजे? आम्हीन काय मरी गयनूत का वं? मी म्हटलं, अगं, कागदापुरतं. ती म्हणाली, कागदवर बी कसाले? तुन्ही लाज ती आम्हनी लाज. तोवर गल्लीतल्या आणखी दोघी-चौघी दारात आल्या होत्या, त्यांच्यासमोर मी पुन्हा कसं म्हणू की लिहा, मी लाचार आहे, मला कोणी विचारत नाही, जेव्हा माझ्या पुढ्यातला चहा सुद्धा लताच्या घरून आलेला. आप्पांनी घरी जाऊन चांगलं लेटरहेडवर लिहून आणलं. तोवर मला अक्षरं दिसेनाशी झाली होती, लतानं वाचून दाखवलं. श्रीमती मंदाकिनी पाटील या आमच्या वॉर्डातील उच्चशिक्षित व स्वाभिमानी महिला असून त्यांनी आजवर कोणापुढे हात पसरलेला नाही. दृष्टी अधू असली तरी संपूर्ण गल्ली त्यांची घरच्यासारखी काळजी घेते, त्यांना कशाचीही उणीव नाही. सबब त्यांना परदेशी जाण्याची परवानगी मिळावी. आप्पा म्हणाले, तिकडला सरकारले समजाले पाहिजे, आक्का कोन शे. काय सांगू तुम्हाला, हे गेल्यापासून माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी लिहिलं नव्हतं. एजंटानं सुरतेत त्याचं इंग्रजी करून घेतलं आणि बाकीच्या कागदांबरोबर लावून दिलं. नितीननं ते नंतर पाहिलं.

नकार ईमेलनं आला. नितीन फोनवर वाचायला लागला आणि मध्येच थांबला. मी म्हटलं, वाच. त्यात होतं की अर्जदारानं पूर्वी पाहुणी म्हणून येताना स्वतः लिहून दिलेलं आहे की मी कोणावरही अवलंबून नाही. स्वतःचं घर आहे, बचत आहे. त्यांच्या वॉर्डातले जबाबदार गृहस्थ म्हणतात की त्यांना कशाचीही उणीव नाही. मुलाचे पैसे अलीकडेच यायला लागलेत, त्यांच्यावाचून यांचं अडतं असं दिसत नाही. मी ऐकत होते आणि शोधत होते की यात खोटं कुठं आहे, म्हणजे तिथं धरता येईल. कुठंच नव्हतं. माझंच वाक्य होतं, माझ्याच इंग्रजीत. ते लोक काही वाईट नाहीत, त्यांनी फक्त माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

नितीननं अपील केलं. न्यायाधीशासमोर तो स्वतः उभा राहिला, एक बाई होत्या म्हणे, सभ्यपणे बोलल्या. त्यांनी विचारलं, तुमच्या आईनं तुमच्याकडे कधी पैसे मागितले का? नितीन म्हणाला, नाही. मी त्याला नंतर म्हटलं, हो म्हणायचंस. तो म्हणाला, आई, तू शिकवलंस का तसं? ते अपील गेलं.

आता डाव्या डोळ्यानं उजेड आणि अंधार एवढंच कळतं. भाऊ न्यायला येतो, पण त्याच्या घरी सुनांचं राज्य आहे, आणि इथं मला भिंती ओळखीच्या आहेत, कुठं काय ते हाताला कळतं. सकाळचा चहा लताकडून, दुपारची भाकरी समोरच्या घरातून, दवाखान्यात आप्पांचा मुलगा नेतो. पैसे पुढं केले की रागावतात. दिवसभर मी हाक मारते आणि कोणीतरी येतं. आता मी अवलंबून आहे, दादा, पुरती आहे, कोणीही येऊन पाहावं. पण लतावर आहे. नियमात मुलावर पाहिजे. लतावर अवलंबून असणाऱ्या बाईनं कुठं अर्ज करायचा, ते वकिलालाही माहीत नाही.

नितीन म्हणतो, मी सगळं सोडून येतो. मी म्हटलं, येऊ नकोस. रियाची शाळा तिकडची, तिचं बोलणं तिकडचं, मला बा म्हणते, गुजरातीत आजीला म्हणतात तसं, आणि पुढचं सगळं इंग्रजीत, भराभरा, मला बी.ए. होऊन सुद्धा अर्धंच कळतं. मागच्या रविवारी फोनवर म्हणाली, बा, आज माझा दात पडला, बघ, आणि तोंड उघडून कॅमेऱ्यापुढं धरलं असणार, मी म्हटलं, अरे वा, केवढी मोठी खिडकी. तिला माहीत नाही अजून मला दिसत नाही ते. नितीनला मी सांगून टाकलंय, पुन्हा अर्ज नको, आणि माझं बरंवाईट झालं तर धावत येऊ नको, भाऊ सगळं करील. त्यानं रागानं फोन ठेवला. मग परत केला, आणि पाऊसपाण्याचं बोलला.

जाऊ द्या. ती तिघं सुखात राहोत, तिकडंच म्हातारी होवोत, त्यांना कोणी निघा म्हणू नये. तुम्ही इतका वेळ ऐकलंत, तुमचंही चांगलं होवो. लता आली वाटतं, डोळ्यात थेंब टाकायची वेळ झाली. आता त्या थेंबांनी काही होणार नाही, डॉक्टर सुद्धा तेच म्हणाले, पण तिनं हातातली पोळी तव्यावर सोडून यायचं आणि मी नको म्हणायचं, असं नाही करवत. टाक वं, लता.