न घासलेली जीभ

मी मूळची चिंचवडची. आमच्या घरी आईचा एक कायदा होता, जीभ घासल्याशिवाय चहा नाही. घासायला तांब्याची पट्टी, ज्याची त्याची वेगळी, आणि आई जवळ येऊन आ करायला लावायची, पारोशा तोंडानं स्वयंपाकघरात यायचं नाही म्हणायची. पुढे लग्न झालं, महेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कंपनीनं तोक्योला पाठवलं, आम्हाला तिथल्या कोतो भागात घर मिळालं, तर मी कुकर, पोळपाट-लाटणं आणि ती पट्टी घेऊन आले. इथंच सई झाली. ती शाळेत जायला लागली तशी मी स्टेशनजवळच्या दुकानात बाइतो धरला, अर्धवेळ काम, भाताचे डबे भरायचे. काय सांगू तुम्हाला, मजेत होतो हो आम्ही.

मग छातीत गाठ निघाली, डावीकडे. कॅन्सरच. डॉक्टर म्हणाले आधी केमो देऊन ती लहान करू, मग ऑपरेशन, पण मध्ये खंड पडायला नको. आणि माझं तर अन्नच तुटलं. भाताचा वास आला की पोटात ढवळायचं, दुकान सुटलं, वजन उतरायला लागलं, बोटं बधिर, शर्टाचं बटण लावता येईना. मला एकच भीती, अंगात त्राण नाही म्हणून हे लोक केमो थांबवणार, आणि थांबवली की ती गाठ आत वाढत बसणार, आणि माझी सई अजून वेणीसुद्धा माझ्याकडून घालून घेते.

आई फोनवर म्हणायची गुळवेलीचा काढा घे, मी पाठवते. पण केमोच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आम्हाला विचारल्याशिवाय कसलाही पाला पोटात घालायचा नाही. आणि गंमत बघा, त्यांनीच मला त्याच हॉस्पिटलात कांपोच्या डॉक्टरांकडे धाडलं. कांपो म्हणजे मूळची चीनची, इथं मुरलेली झाडपाल्याची औषधं. पुड्या असतात, जेवणाआधी कोमट पाण्यातून घ्यायच्या, केमो चालू ठेवूनच. यानं गाठ जाणार नाही हं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं, भूक लागली तर केमो सोसेल, एवढंच.

तर त्या कांपोच्या बाई, वयस्कर, आवाज अगदी हळू. त्यांनी नाडी बघितली, पोट दाबून बघितलं आणि म्हणाल्या जीभ दाखवा. मी आपली ऐटीत दाखवली. बाई नुसतं हं म्हणाल्या. पुढच्या वेळी मी निघण्याआधी आणखी घासून गेले, कारण केमोनं तोंडाला असा काही वास यायचा की मलाच लाज वाटायची, डॉक्टरांपुढे कसं उघडायचं तोंड. तर पुन्हा हं, आणि दातांतून श्वास आत ओढला. इथली माणसं वाईट तोंडावर बोलत नाहीत, असा श्वास ओढतात, आणि आपला जीव तिथंच अर्धा होतो.

तिसऱ्या खेपेला त्या महेशशी बराच वेळ बोलल्या. त्याला ऑफिसातलं जपानी येतं, आजारातलं कुठलं यायला. त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, अगं, जिभेवर पातळ पांढरा थर असावा लागतो, सायीसारखा, तुझ्या जिभेवर काहीच नाही, नुसती लाल. शरीर आतून आटत आल्याची खूण म्हणतात, केमोच्या डॉक्टरांशी बोलावं लागेल. झालं. मी महेशचा हात घट्ट धरला, म्हटलं त्यांना सांग, मी जेवीन, कसंही करून जेवीन, पण केमो थांबवू नका म्हणावं.

बाईंनी बॅटरी आणली, जीभ जवळून बघितली, बारीक ओरखडे दिसले त्यांना. विचारलं, हे कशानं. म्हटलं कशानं म्हणजे, घासते ना रोज, आज तर तुमच्याकडे यायचं म्हणून दोनदा. महेशनं सांगितलं तशा त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, मला तो थरच बघायचा असतो, तोच तुम्ही पुसून आणता. आता पट्टी बंद.

पुढच्या खेपेला पारोशीच गेले. गाडीत मास्क लावून, ओठ मिटून, चहासुद्धा गेला नाही घशाखाली. जीभ दाखवताना डोळे मिटून घेतले. दाट पांढरा थर होता. पोट मंद झालंय तुमचं, आटलेलं नाही, असं म्हणून त्यांनी पुडी बदलली. रक्ताचे रिपोर्ट बरे आले आणि केमो झाली.

आता पुढच्या आठवड्यात स्कॅन आहे, गाठ लहान झाली का ते कळेल. मला भीती वाटते हो, खोटं कशाला बोलू. पूर्वी सकाळी उठून पट्टी हातात घ्यायचे, आता आरशापुढे जीभ काढून उभी राहते. सई मागून विचारते, दाइजोबु? बरी आहेस ना, म्हणजे. मग तीही आपली जीभ काढून माझ्याशेजारी उभी राहते, दोघींची सारखी आहे का बघते. आईचा फोन आला की ती अजून विचारते, घासलीस का गं जीभ? मी हो म्हणते.

तुम्हाला रोज निर्धास्त जीभ घासता येवो, एवढंच म्हणते.