गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा

कागदाच्या माथ्यावर क्रूसच नव्हता, अन्सारभाई — मंगळवारी तिथंच मला शंका यायला पाहिजे होती. थांबा, अजून रिंग वाजून राहिली, उचलत न्हाईत. ऑफिसातून फोन कसा करू, तिथं संपादक बसलेत, म्हणून तुमच्या एसटीडी बूथवर आले. साळवे सर हो, वसमतचे, आमच्या साप्ताहिकात ‘सरळ रेघ’ लिहितात ते — बारा वर्षं झाली, दर मंगळवारी एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाकीट येतं, कागदावर आधी बारीकसा क्रूस, मग खाली सगळ्यांचा उद्धार. तुमी वाचत न्हाई? बरंय. मिशनच्या शाळेतले रिटायर मास्तर, पक्के कॅथलिक. गावात केबल आली तेव्हा सुरुवात केली — टीव्हीवरच्या चुंबनावर सलग चार आठवडे, अन् इतकं बारकाईनं की विचारावं वाटतं, सर, डोळे मिटायचे राहून गेले का? मग घटस्फोट, मग कुटुंबनियोजन, मग सौंदर्यस्पर्धा. सगळे पक्ष बिघडलेले. मत कोणाला द्यावं विचारलं तर म्हणणार, आधी आईबापाचं ऐकायला शिका.

‘नोकरी करणाऱ्या बायका’ तर लई गाजला, शाल मिळाली त्यांना त्याच्यावर. तो मी लिहिला — ऑफिसात, टायपिंग करते त्याच कॉम्प्युटरपाशी, डबा उघडायलाही फुरसत न्हाई. म्हणजे, पुरा न्हाई... न्हाई, पुराच. दोन वर्षं झाली, सर चार ओळी पाठवतात, खाली लिहितात, बाकी तू बघ लेकरा. मी बघते. आमच्या घरी बुद्धवंदना, अन् मी इथं पोपची बाजू मांडून राहिले. मराठीत बीए केलं ते असं कामी आलं.

बाप रे — काय वाजलं? आपल्या इथल्या गोरेगावच्या जीपचा हॉर्न व्हय. असू द्या.

तर या वेळी कागदावर दोनच शब्द, ‘निवडणूक, उपास’. क्रूस न्हाई, ‘बाकी तू बघ’ न्हाई. अंक गुड फ्रायडेचा. मी म्हणलं त्यांचा सण आहे, सुरुवात गोड करावी — दिवाळीला करतो, ईदला तुमाला करतो, तशीच. ‘सर्व वाचकांना गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा, आजचा आनंदाचा दिवस...’ हसू नका. त्या दिवशी येशूला खिळे ठोकले, हे मला काल दुपारी कळलं, फादरचा फोन आल्यावर. तोवर अंक वाटून झालेला.

संपादक म्हणे, म्हातारा चळला, कॉलम बंद. मी काय म्हणलं? मान हलवली. खरं कोण लिहितं ते त्यांना माहीतच न्हाई ना. कळलं तर मी घरी, अन् घरी बसले की बाबा परभणीचं ते पोरगं घेऊन दारात उभे. माझ्याच लेखातल्यासारखी बसंन मग, चूल अन् लेकरं. म्हणून सरांना सांगणार, तुमी फक्त एवढंच म्हणा, नजरचूक झाली. शहात्तर वर्षांच्या माणसाचं कोण मनावर घेतं. काहून असं बघून राहिलात माझ्याकडं? त्यांना पेन्शन आहे. कॉलम गेला तर काय जातं त्यांचं... काय, कंडक्टरनं सांगितलं तुमाला? शुक्रवारी अंक घेऊन स्टँडवर बसतात, कोणी वाचताना दिसलं की जवळ सरकतात. ते मला काहून सांगता, मला माहितीये ते.

थांबा, उचलला. हॅलो, सर? मी पल्लवी, हिंगोलीहून. हो... हो, वाचला ना. सर, ऐका. सर, तुमी काहून माफी मागून राहिलात? न्हाई, डोकं बिघडलं न्हाई तुमचं. लिहिल्याचं आठवत न्हाई म्हणता — आठवणार कसं, सर, मी लिहिलंय ते.